पोचवाले काका

नगरच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी दिवसाआड येतं. पोचवाल्या काकांचा अर्ज मात्र रोज जातो. त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. असा गृहस्थ शहराच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कॉलनीत एक तरी असतोच, आणि एकाचं नाव छापलं तर बाकीचे 'आमचा उल्लेख कोणत्या निकषावर वगळला' म्हणून संपादकांना लिहितील. प्रत मला.

वय सत्तरीच्या पुढे. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं अर्ज लिहायला, लाल आलेल्या उत्तरातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला. खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात कोरे कागद, कार्बन, पंच, दोऱ्याचे टॅग, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, गोंदाची बाटली, मोजायची टेप आणि एक छोटी बाटली स्टॅम्पपॅडच्या शाईची. ही शेवटची वस्तू बघून पोरंसोरं हसतात. पण आवक विभागातल्या शिक्क्यावरची शाई नेमकी काकांचा नंबर आला की संपते, हा अनेक वर्षांचा अनुभव असल्यावर माणूस दुसरं काय करणार?

पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. यातली एक गोष्ट जरी कमी असली तरी काकांच्या लेखी तो अर्ज झालाच नाही. नुसतीच सही मिळाली तर ते खिडकी सोडत नाहीत. "भाऊसाहेब, ही सही आहे का कोंबडीचे पाय? खाली नाव लिहा. पदनाम लिहा." मागे रांग वाढत जाते. कुणाला जन्माचा दाखला हवा असतो, कुणाला घरपट्टी भरायची असते. शिक्का पुसट उठला की काका पिशवीतून बाटली काढतात, पॅडवर चार थेंब टाकतात आणि म्हणतात, "आता मारा." त्या शाईचीही पोच त्यांनी मागितली होती, असं लोक सांगतात. ही अतिशयोक्ती आहे. शाई दिल्याची नोंद ठेवा, एवढंच ते म्हणाले होते.

काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटली ती नगरला आली, त्यामुळे एसटी म्हणजे घरचंच कार्य असं नगरकरांना वाटतं आणि काकांना जरा जास्तच वाटतं. नियंत्रकाच्या खिडकीत ज्याचं आयुष्य गेलं, त्याची जगाबद्दलची समजूत आपल्यासारखी नसते. गाडी फलाटावर लागली, सुटली, करंजी घाटात बंद पडली, यातलं काहीच वहीत येईपर्यंत घडलेलं नसतं. समोर गाडी उभी, कंडक्टर दाराला टेकून बिडी ओढतोय, प्रवासी विचारतो, "पाथर्डी लागली का हो?" आणि आतून आवाज येतो, "अजून लागलेली नाही." कारण नोंद व्हायची असते.

खड्ड्यांनाही काका हाच नियम लावतात. रस्त्यात खड्डा पडला म्हणून तो खड्डा होत नाही. कुणीतरी तो लेखी कळवावा लागतो, त्याला क्रमांक मिळावा लागतो. तोवर ती रस्त्याची एक खासगी अडचण. शेजारच्या मास्तरांची स्कूटर एकदा अशाच खड्ड्यात गेली आणि मास्तर कोपरं खरचटून घरी आले. काकांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "किती वाजता?"

अर्ज कसा लिहावा याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. 'प्रति', 'विषय', 'संदर्भ', 'महोदय' ही चार दारं ओलांडल्याशिवाय मजकुरात शिरायचं नाही. मजकूर 'उपरोक्त विषयान्वये' या शब्दांनी सुरू झाला पाहिजे. 'सदरहू' हा शब्द किमान तीनदा आला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला अर्ज घरगुती वाटतो. शेवटी 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' आणि खाली आयुक्तांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत उतरंड. गटार तुंबल्याची खबर मुख्यमंत्र्यांना कशाला, असं मी एकदा विचारलं. "त्यांनी वाचावी म्हणून नाही," काका म्हणाले. "त्यांना कळवलंय, हे इथल्याला कळावं म्हणून." शासनव्यवस्थेवर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

त्यांची एकच खोड आहे. इतिहास. पाण्याची तक्रार असेल तर अर्ज १४९० पासून सुरू होतो. मलिक अहमदनं शहर वसवलं, निजामशाहीत कापूरवाडीहून, शेंडीहून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं, महालांत कारंजी उडत होती, १८५४ साली नगरपालिका झाली, ३० जून २००३ रोजी महापालिका झाली, आणि 'तरीही सदरहू गल्लीतील शेवटच्या सहा घरांस पाणी पोहोचत नाही'. या 'तरीही'पर्यंत यायला दीड पान लागतं. नव्यानं बदलून आलेले एक अभियंता म्हणे तो अर्ज घरी घेऊन गेले होते. तक्रारीचं पुढे काय झालं माहीत नाही, पण त्यांनी मुलांना फराहबख्श महाल दाखवून आणला.

पाणी हा काकांचा खास विषय. नगरचं पाणी येतं राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. मुळानगरला उपसायचं, विळदला पुन्हा उपसायचं, वसंत टेकडीवर चढवायचं आणि तिथून टाक्या भरत शहरभर सोडायचं. या सगळ्या वाटेवर वीज लागते. मुळानगरला किंवा विळदला वीज गेली की पंप थांबतात, टाक्या भरत नाहीत आणि सगळं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. पेपरात दोन ओळींची बातमी येते आणि गल्लीतल्या बायका भांडी पुन्हा आत नेतात. धरण भरलं काय अन् नाही भरलं काय, आपल्या नळाचा संबंध विळदच्या फीडरशी, हे नगरमधल्या चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. काकांनी पाण्याची वेगळी वही घातलेली आहे. आगमन, प्रस्थान, दाब. दाबाच्या रकान्यात तीनच शेरे चालतात, 'अल्प', 'मध्यम' आणि 'समाधानकारक'. तिसऱ्या शेऱ्याची गरज सहसा पडत नाही.

पहाटे पाणी सुटायचं असलं की काकू उठतात आणि बादल्या लावतात. काका उठतात आणि वेळ लिहितात. संसारात कामाची वाटणी असावी ती अशी.

त्याच घरात स्वयंपाकघरातला नळ मात्र रात्रंदिवस ठिबकतो. वायसर गेलंय. काकूंनी तोंडी सांगून पाहिलं. मग एके दिवशी चिडून वाण्याच्या यादीच्या मागे लिहून दिलं, 'विषय: नळाला वायसर बसवणेबाबत'. काकांनी ते वाचलं, तारीख टाकली, पोच दिली. चार दिवसांनी उत्तर आलं, तेही लेखी. नळ मीटरच्या पुढे घराच्या आतल्या बाजूला असल्यामुळे सदरची बाब गृहविभागाकडे येते, काकांच्या अखत्यारीत येत नाही.

अखत्यारी या शब्दानं काकांचं अर्धं आयुष्य खाल्लं आहे. नगरला चहूबाजूंनी किती रस्ते येऊन मिळतात बघा. पुण्याचा, मनमाडचा, सोलापूरचा, कल्याणचा, दौंडचा, पाथर्डीचा, जामखेडचा. शहरात शिरल्यावर यातला कुठला तुकडा महापालिकेचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा आणि कुठला राष्ट्रीय महामार्गाचा, हे सांगू शकणारी माणसं कमी आहेत. काका त्यातले एक. आणि त्यांना नेमका असा खड्डा सापडला की जो दोन खात्यांच्या हद्दीवर पडला होता. एका खात्याचं पत्र आलं, आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्याचं आलं, आमच्याही नाही. काकांनी सावधगिरी म्हणून तिसऱ्यालाही लिहिलं, तर त्यांनी 'अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे' म्हणून तो पहिल्याकडे पाठवला. शेवटी काका टेप आणि खडू घेऊन गेले, भर दुपारी खड्ड्यात उतरले आणि मधोमध रेघ मारली. अलीकडचा साडेतीन फूट यांचा, पलीकडचा दोन फूट त्यांचा. रिक्षा थांबल्या, ट्रॅक्टर थांबला, उसाची ट्रॉली थांबली. शाळेतून घरी निघालेल्या एका पोरानं विचारलं, "काका, लंगडी खेळताय का?" काकांनी त्याला हद्द समजावून सांगितली. दोन्ही खात्यांना नकाशासह पत्र गेलं. त्यानंतर आपापला भाग बुजवायला कोणी आलं नाही, पण दोघांनीही दुसऱ्याच्या भागाबद्दल तीव्र नापसंती कळवली.

सगळेच तक्रारदार काकांसारखे असतात असं समजू नये. जातकुळी वेगवेगळ्या आहेत. सावेडीतला तक्रारदार हा निवृत्त बँकवाला किंवा प्राध्यापक. तो अर्ज टाइप करून आणतो, त्यात अधिनियमाचं कलम घालतो आणि 'करदाता नागरिक' अशी सही करतो. केडगावचा तक्रारदार प्रत्येक अर्जाची सुरुवात 'ग्रामपंचायत होती तेव्हा' अशी करतो. तेव्हा नक्की काय होतं हे तो लिहीत नाही, पण सूर असा लावतो की वाचणाऱ्याला महापालिका झाल्याचा पश्चात्ताप व्हावा. आणि भिंगारकराची तर गोष्टच निराळी. भिंगारला छावणी मंडळ, अध्यक्षपदी लष्करी अधिकारी. त्यामुळे तिथला माणूस गटाराबद्दल लिहितानासुद्धा ताठ बसून लिहीत असावा असं वाटतं. काकांना भिंगारकरांबद्दल थोडा हेवा आहे. "त्यांचा कागद दिल्लीपर्यंत जातो," ते म्हणतात. आपला कागद माळीवाड्याच्या पुढे सरकत नाही, हे दुःख त्यामागे असतं.

या सगळ्यांहून वेगळी आणि काकांच्या मते हलकी जात म्हणजे निवेदनवाल्यांची. हे लोक एकटे कधी जात नाहीत. अकरा जण जातात, बारावा मोबाइलवर फोटो काढतो. एका कागदाला अकरा हात लागलेले असतात. लांबचा हात कागदापर्यंत पोहोचत नसेल तर तो पुढच्याच्या कोपराला लावून ठेवतात. अधिकारीही कागद घेत नाहीत, धरतात. फोटो निघेपर्यंत दोन्ही बाजूंनी कागद धरलेला, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, कागदाकडे कुणीच नाही. फोटो झाला की निवेदन टेबलावर आणि मंडळी चहाला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'अन्यथा तीव्र आंदोलन'. काका ती बातमी कापून ठेवतात आणि खाली लाल पेनानं लिहितात, 'पोच घेतल्याचे दिसून येत नाही.'

आपल्या जिल्ह्याबद्दलचा काकांचा अभिमान साखर कारखान्यांचा नाही, शिर्डीचाही नाही. तो माहितीच्या अधिकाराचा. राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातलं, अण्णा हजारे आपल्या जिल्ह्याचे, राज्याचा कायदा २००२ चा आणि देशाचा २००५ चा. म्हणजे आपण देशाच्या तीन वर्षं पुढे होतो, हा हिशोब ते कुणालाही ऐकवतात. दहा रुपयांत सरकारला प्रश्न विचारायचा आणि सरकारनं तीस दिवसांत उत्तर द्यायचं, यासारखी स्वस्त चैन जगात दुसरी नाही, असं त्यांचं मत आहे. पण २०१२ साली राज्याच्या नियमांत एक बदल झाला. अर्जात विषय एकच असावा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसावा. १४९० पासून सुरुवात करणाऱ्या माणसावर केवढा हा आघात!

दोन दिवस काका कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना संस्कृत आठवलं. मॅट्रिकला संस्कृत होतं, समासाला पैकीच्या पैकी मार्क होते. नियमात शब्द मोजायचे म्हटलंय, शब्द किती लांब असावा हे म्हटलेलं नाही. तेव्हापासून त्यांच्या अर्जात 'पावसाळापूर्वनालेसफाईठेकेदारदेयकमंजुरीदिनांक' अशी डब्यांची मालगाडी येऊ लागली. एकदा उत्तर आलं, 'आपल्या अर्जातील दुसऱ्या शब्दाचा बोध होत नाही, तरी खुलासा करावा.' काकांनी खुलासा केला. तो चार पानांचा होता, खुलाशाला शब्दमर्यादा नसल्यामुळे. त्यातच त्यांनी निजामशाही उरकून घेतली.

महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे लोकशाही दिन. जिल्हाधिकाऱ्यांसमोर, आयुक्तांसमोर गाऱ्हाणं मांडायचा दिवस. त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात. न्यायप्रविष्ट नको, नोकरीतल्या तक्रारी नकोत. काका चतुर्थी चुकवतील, पहिला सोमवार चुकवणार नाहीत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, आधी विशाल गणपतीला नमस्कार, मग सभागृह. तिथे सगळे नेहमीचे भेटतात. वहिवाटीचा रस्ता अडवलेले, सातबारावर नाव न लागलेले, शेजाऱ्याच्या जिन्याखाली दबलेले. एकमेकांची प्रकृती विचारतात, अपिलाची तारीख विचारतात. कुणी महिनाभर दिसला नाही तर काळजी वाटते. "त्यांचं काम झालं वाटतं," असं कुणी म्हणालं की बाकीचे गप्प होतात.

आता सगळं मोबाइलवर आलंय. 'आपले सरकार'वर तक्रार टाकली की टोकन क्रमांक मिळतो. नातीनं काकांना ते शिकवून पाहिलं. काकांनी तक्रार टाकली आणि विचारलं, "शिक्का कुठंय?" नात म्हणाली, हा क्रमांक म्हणजेच शिक्का. काकांनी तिला त्या पडद्याची झेरॉक्स काढायला लावली, ती घेऊन आवक विभागात गेले आणि 'तक्रार केल्याचे कळविणेबाबत' असा अर्ज जोडून त्यावर पोच आणली. काही दिवसांनी मोबाइलवर निरोप आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काकांनी खिडकीतून पाहिलं. गटार वाहतच होतं. "निकाली कुणी काढली?" त्यांनी विचारलं. नातीला सांगता येईना. जिथे माणसाचं नाव नाही, पदनाम नाही, कोंबडीचे पायसुद्धा नाहीत, तिथे भांडायचं कुणाशी?

टपाल खात्यानं १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा काकांना सुतक आल्यासारखं झालं. रजिस्टर ए.डी.चं ते परत येणारं कार्ड, त्यावर समोरच्याची सही, ही पोच दारात चालत यायची. जीपीओच्या खिडकीवर जाऊन त्यांनी हळहळ व्यक्त केली. खिडकीतल्या माणसानं स्पीड पोस्टालाही जास्तीचे पैसे भरून पोच मिळते म्हणून समजूत घातली. काका म्हणाले, "मिळते हो. पण 'रजिस्टर' म्हटलं की समोरचा दचकायचा."

शहराच्या नावाचं मार्चमध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा गावात काय काय चर्चा झाल्या. काकांची अडचण कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्यांच्या एका प्रकरणात सात स्मरणपत्रं 'अहमदनगर' या नावानं गेली होती. आता आठवं 'अहिल्यानगर'ला पाठवलं तर ते आठवं धरायचं का नव्यानं पहिलं? मार्गदर्शन मागवणारं पत्र त्यांनी दोन्ही नावांनी पाठवलं. दोन्हींना पोच मिळाली. मार्गदर्शन व्हायचं आहे.

काकांचं खरं भांडण कुठल्याच कार्यालयाशी नाही, हे समजायला मला वेळ लागला. ते आहे गल्लीशी. गल्ली अर्जावर विश्वास ठेवत नाही. गल्लीचा विश्वास ओळखीवर. 'आपला माणूस आहे तिथं' हे नगरमधल्या कोणत्याही अडचणीवरचं पहिलं वाक्य. सतरा प्रभाग, प्रत्येकी चार, असे अडुसष्ट नगरसेवक. चारांपैकी एक तरी कुणाच्या तरी मेव्हण्याच्या वर्गातला निघतोच. काका चौघांनाही लिहायचे. 'अ'ला मूळ प्रत. ब, क, ड यांना माहितीस्तव. २०२३ च्या डिसेंबरअखेर मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. मधल्या काळात गल्ली पोरकी झाली म्हणावं, तर तसं काही झालं नाही. माजी नगरसेवकाचा फोन चालूच होता. काकांना मात्र तो काळ सोयीचा गेला. एकच पत्ता.

त्याच काळात आमच्याकडे चेंबर तुंबलं. काकांचा अर्ज त्याच दिवशी गेला, स्मरणपत्राचा मसुदाही तयार झाला. पण मास्तरांच्या सुनेनं माजींना फोन लावला, आणि दुपारी तीनच्या सुमारास दोन माणसं बांबू आणि तारा घेऊन आली. तासाभरात चेंबर मोकळं. मास्तरांच्या घरून चहा आला, सगळे खूश. काका गॅलरीत उभे राहून बघत होते. चेहरा असा, की जणू कुणी स्थळ न बघता लग्न लावलं.

"कोणत्या आवक क्रमांकावर आलात?" त्यांनी वरून विचारलं.

"फोन आला होता काका."

"फोनचा जावक क्रमांक काय?"

माणसं हसली आणि बांबू उचलून गेली. दुसऱ्या दिवशी काकांचा अर्ज गेला. 'विषय: कोणताही अर्ज विचारात न घेता झालेल्या कामाबाबत.' कुणाच्या आदेशानं, कोणत्या नोंदीनं, कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली सदरहू चेंबर मोकळं करण्यात आलं, याचा खुलासा व्हावा. आणि काय सांगायचं, आजवर इतक्या लवकर कुठल्याच अर्जाचं उत्तर आलं नव्हतं. आठ दिवसांत आलं. 'अभिलेख तपासला असता, सदर ठिकाणी कोणतेही काम करण्यात आल्याचे आढळून येत नाही.'

काकांनी ते पत्र घेऊन अख्खी गल्ली पालथी घातली. मास्तरांच्या दारात चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं. "बघा मास्तर, चेंबर तुंबलेलंच आहे."

मास्तरांनी चेंबरकडे पाहिलं. पाणी खळखळ वाहत होतं. "अहो पण..."

"ते तुम्हाला दिसतंय," काका म्हणाले. "नोंद नाही."

मास्तर आयुष्यभर गणित शिकवत आले, पण त्यांना उत्तर सुचेना. आणि खरं सांगायचं तर पुढच्या पावसाळ्यात ते चेंबर पुन्हा तुंबलं, तेव्हा माजींचा फोन लागेना आणि गल्लीतल्या तिघाजणांनी काकांकडून अर्जाचा नमुना मागून नेला. काकांनी तो दिला. वर 'नमुना' असं लिहून, तारखेसह.

आता एक शेवटची हकीकत. हे कार्यालय कुठलं ते विचारू नका. एका रविवारी संध्याकाळी काकांकडे एक क्लार्क आले. चपला बाहेर काढून, हात जोडून. त्यांच्याकडे तपासणी लागली होती आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वीची एक नस्ती सापडत नव्हती. साहेब म्हणाले होते, त्या काळात त्या विषयावर कुणीतरी सारखे अर्ज करायचे, त्यांच्याकडे बघा. कार्यालयाची स्मरणशक्ती तीन वर्षांची. साहेब बदलतात, टेबलं बदलतात, कपाटं एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात. काकांचं कपाट हललेलं नाही.

"काका, एक झेरॉक्स मिळाली असती तर..."

काकांनी पाय वर घेऊन मांडी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिडकीची बाजू बदलली होती. "तोंडी नको," ते म्हणाले. "लिहून द्या."

क्लार्कनं लिहून दिलं. काकांनी निळं पेन ठेवलं, लाल काढलं. "संदर्भ घातलेला नाही. आणि यात विषय दोन आहेत. एक पत्राची प्रत, एक नकाशाची. एका अर्जात एकच."

क्लार्कनं पुन्हा लिहिलं, दोन अर्ज. काकांनी आपल्या टेबलाचा खण उघडून शिक्का काढला. होय, त्यांनी स्वतःचा शिक्का करून घेतला आहे. 'प्राप्त', आणि खाली तारखेसाठी जागा. दोन्ही प्रतींवर मारला, सही केली, सहीखाली नाव लिहिलं. पदनामापाशी क्षणभर थांबले आणि 'नागरिक' असं लिहिलं.

"कधी मिळेल काका? उद्या तपासणीवाले येतायत."

"तीस दिवसांची मुदत आहे," काका म्हणाले. "पण तुमची निकड बघून आजच देतो. पानाला दोन रुपये. आधी भरणा, मग प्रत. एकतीस पानं आहेत."

क्लार्कनं खिसे चाचपले. पाचशेची नोट निघाली. मोबाइल काढला, काकांच्या घरात पैसे घ्यायचं ते काळं-पांढरं चौकोनी चित्र नव्हतं.

"सुटे नसतील तर पोस्टल ऑर्डर चालेल," काका म्हणाले.

"आज रविवार आहे काका."

"ते मला मान्य आहे."

क्लार्क काकूंकडे बघायला लागले. काकू चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. आत नळ ठिबकत होता.

"माझ्याकडे नका बघू भाऊसाहेब," काकू म्हणाल्या. "कपाट माझ्या अखत्यारीत येत नाही."